सोसायटीच्या ग्रुपवर, सुमनकाकूंची होंडा सिटी : पावणेचार लाख की साडेपाच?

मुग्धा (ए-५०४): सर्वांना नमस्कार. बाबा आता नाहीत, आणि काल रात्री आई फोनवर म्हणाली, त्यांची सिटी "पावणेचारला ठरली". कोणी ठरवली? मी नाशिकला असते म्हणून मला विचारायचंही नाही का? मार्च २०१८ ची गाडी, व्ही मॉडेल, पेट्रोल, मॅन्युअल, ४१ हजार किलोमीटर. बाबा ती कशी ठेवायचे ते इथे सगळ्यांनी पाहिलंय.

निलेश (बी-२०२): ताई, ठरली असं मी कुठे म्हटलं? सुमनकाकूंनी विचारलं किती देशील, मी आकडा सांगितला. टोकनसुद्धा दिलेलं नाही.

पाटील काका (ए-१०३): पॉलिसीवर आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, छापलेली असते. ३ लाख ९० हजार आहे. तीच खरी किंमत. निलेश चुकीचं बोलत नाहीये.

मुग्धा: काका, आमची पॉलिसी तुमच्याकडे कशी?

पाटील काका: मागच्या नोव्हेंबरात तुझ्या वडिलांबरोबर मीच रिन्यू केली. मदत केली की हे ऐकून घ्यावं लागतं. असो.

देशमुख, सेक्रेटरी: 🙏 कृपया ग्रुपवर सौजन्य राखावे. विषय खासगी असल्यास वैयक्तिक बोलावे.

कुलकर्णी काकू (बी-४०४): गाडी गेली की १७ नंबरचं पार्किंग मोकळं होणार ना? वेटिंग लिस्टवर आमचं नाव पहिलं आहे, एवढंच नमूद करते.

मुग्धा: काकू, गाडी अजून खालीच उभी आहे हो.

चिन्मय (सी-६०२): पाटील काका, तुमच्या २००९ च्या अ‍ॅक्सेंटची आयडीव्ही किती? तेवढ्यात देणार का? 😄

पाटील काका: माझी गाडी मध्ये आणू नका. पंधरा वर्षं झाल्यावर पर्यावरण कर भरून रीतसर री-रजिस्ट्रेशन केलंय. अजून पाच वर्षं पळेल.

चिन्मय: गणपतीत गेटपाशी कोणी ढकलली मग?

पाटील काका: बॅटरी होती ती!

मुग्धा: विषयावर येऊ या का? जुन्या गाड्या विकायच्या अ‍ॅपवर टाकली तर ५ लाख ६० हजारपर्यंत दाखवतंय. पावणेचार आणि साडेपाचमधला फरक आईने का सोसायचा?

निलेश: ताई, अ‍ॅपवाला माणूस प्रत्यक्ष गाडी बघून गेला की तो आकडा राहत नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी कमी झालाय. नवी डिझायर सव्वासहाच्या आसपास सुरू होते. मला लोन काढावं लागणार, जुन्या गाडीच्या लोनला व्याज जास्त. मग साडेसात वर्षांच्या गाडीला साडेपाच का देऊ?

पाटील काका: म्हणूनच म्हणतो, आयडीव्ही बघा.

गोखले (सी-१०४): जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी लागतो म्हणे. तो कोण भरणार?

साठे मॅडम (सी-३०१): सगळ्यांना एकदम उत्तर देते, लांब होईल. मी गाड्यांच्या विमा-क्लेमचा सर्व्हे करते, त्यामुळे हे रोजचं काम आहे.

गोखले, तो जीएसटी नोंदणीकृत डीलरला, तोही त्याच्या मार्जिनवर. आपल्यासारख्या खासगी मालकाने दुसऱ्या खासगी माणसाला गाडी विकली तर लागत नाही.

पाटील काका, पाच वर्षांपर्यंत आयडीव्हीला घसाऱ्याचा ठरलेला तक्ता असतो. त्यापुढे कंपनी आणि मालक आपसात आकडा ठरवतात. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर किती मिळेल, त्याचा तो आकडा. हप्ता कमी यावा म्हणून लोक तो खाली घेतात. त्यावरून बाजारभाव काढला तर काकूंचं नुकसान आहे.

निलेश, सव्वासहा ही डिझायरच्या सगळ्यात खालच्या मॉडेलची एक्स-शोरूम किंमत. आपल्याकडचा ११ टक्के रोड टॅक्स आणि विमा धरला की सात पार होतात. आणि जीएसटी डिझायरचा २९ वरून १८ वर आला, सिटीचा ४५ वरून ४० वर. त्यामुळे सिटीचे भाव तेवढे पडलेले नाहीत. थोडे पडलेत, ते मान्य.

मुग्धा, अ‍ॅपचा आकडा गाडी न बघता दिलेला असतो. जाहिरातीतला आकडा म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. पुण्यात याच वर्षाच्या, याच मॉडेलच्या गाड्या साडेपाच ते पाच नव्वद मागतात. माझ्या ओळखीत जे सौदे झाले ते सव्वापाच, पाच तीसला. मी पाच तीस धरते. आता तुमच्या गाडीत काय कमी आहे ते बघायचं.

निलेश: मॅडम, गाडी जानेवारीपासून एका जागी आहे हे पण धरा.

साठे मॅडम: धरलंय. काकूंना विचारून सकाळी खाली जाऊन आले. बॉनेटच्या बिजागरीच्या नटांवरचा रंग शाबूत आहे, पाना लागलेला नाही. दाराचं रबर ओढून पाहिलं, खालचे वेल्डिंगचे ठिपके कंपनीचेच आहेत. म्हणजे मोठा अपघात नाही. ही गाडीची सगळ्यात जमेची बाजू.

टायरवर ०६१८ आहे, म्हणजे २०१८ चा सहावा आठवडा. गाडीबरोबर आलेले टायर. नक्षी भरपूर शिल्लक आहे, पण कडेला, रिमच्या वर, नखाएवढ्या बारीक भेगा आहेत. चारही बदलावे लागतील, २४ हजार. बॅटरी गेली आहे, ६. ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, फिल्टर, ९. डाव्या मागच्या दाराचा पोचा, ६. एकूण ४५ हजार. ५ लाख ३० मधून वजा केले की ४ लाख ८५.

आणि बॉनेटखाली उंदराच्या लेंड्या आहेत. वायरी कुरतडलेल्या दिसल्या नाहीत, पण इलेक्ट्रिशियनला दाखवा.

कुलकर्णी काकू: उंदीर होणारच! ओल्या कचऱ्याचे डबे पार्किंगमध्ये ठेवायचं कोणी सुरू केलं?

देशमुख, सेक्रेटरी: तो निर्णय सर्वसाधारण सभेचा होता. आपण त्या सभेला नव्हता.

कुलकर्णी काकू: बारशाला गेले होते. कळवलं होतं.

पाटील काका: पण आयडीव्ही ३ लाख ९० आहे ही वस्तुस्थिती आहे.

मुग्धा: मॅडम, पोचा बाबांनी पाडलेला नाही. टँकर रिव्हर्स घेताना लागला होता. त्याचे सहा हजार आईने का सोडायचे?

साठे मॅडम: कोणी पाडला यावर किंमत ठरत नाही गं. घेणारा रंग देणारच आहे.

आता पैशांपेक्षा महत्त्वाचं. गाडी अजून साहेबांच्या, म्हणजे तुझ्या बाबांच्या नावावर आहे. मालक गेल्यावर पॉलिसी फार तर तीन महिने चालते. म्हणजे आज गाडीला विमा नाही असंच धरा. ट्रायल गेटच्या बाहेर घेऊ नका, कोणाला लागलं तर सगळं काकूंच्या अंगावर येईल. आधी फॉर्म ३१ भरून, मृत्यूचा दाखला आणि वारसांची कागदपत्रं लावून गाडी काकूंच्या नावावर करा. अर्जाची मुदत तीन महिन्यांची होती, ती उलटली आहे, दंड लागेल तो भरा. एचएसआरपी पाटी (नवी सुरक्षित नंबरप्लेट) बसवली नसेल तर बसवा, नाहीतर आरटीओत काम अडतं. नवीन पॉलिसी काढताना साहेबांचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट) काकूंकडे यायला हवा, तो मागून घ्या. मग फॉर्म २९ आणि ३० वर निलेशच्या नावावर. यात मालकांच्या यादीत एक नाव वाढेल, म्हणून निलेश अजून दहा हजार मागेल.

निलेश: मागणारच होतो 🙂 पण राहू दे. ताईचे बाबा मला गाडी शिकवायला आले होते, याच गाडीवर. चार पंचाऐंशी मला मान्य आहे. आधी फार कमी बोललो, मला सगळीकडून तेवढंच सांगितलं गेलं होतं.

पाटील काका: माझ्याकडून म्हणायचंय का?

चिन्मय: काका, कोणी नाव घेतलं नाही.

सुमनकाकू (ए-५०४): मी सगळं वाचलं. मुग्धा, पाटील भाऊजींना बोलू नकोस, दवाखान्याच्या दिवसांत रात्री-अपरात्री तेच धावले. निलेश, ४ लाख ८५. दहा हजार आता टोकन, बाकी बँकेतून. नावावर झाल्याशिवाय चावी देणार नाही, तुझ्यावर अविश्वास म्हणून नाही, चलन आलं तर मला आरटीओच्या चकरा झेपायच्या नाहीत. फास्टॅग मी बंद करून घेते.

मुग्धा: मी मंगळवारी येते. दाखल्याच्या सहा प्रती, आईचं आधार, जुनी पॉलिसी घेऊन ठेवते. साठे मॅडम, भावाची नाहरकत स्टँपपेपरवर लागेल का?

साठे मॅडम: लागेल, धरून चाला. आरटीओत काय नमुना मागतात ते आधी विचारून घे. मंगळवारी अकरापर्यंत मी घरी आहे, फॉर्म भरायला ये.