अनुभव धागा : विमानं डोक्यावरून गेली तेव्हा तुम्ही कुठे बघत होतात?

फोनमधली जागा संपली म्हणून जुने व्हिडिओ पुसत होतो, त्यात जानेवारी २०२४चा मरीन ड्राइव्हवरचा एक सापडला. सव्वा मिनिटाचा. त्यात समुद्र आहे, कठडा आहे, पुढच्या काकांची टोपी आहे आणि माझा "कुठंय? अगं कुठंय?" असा आवाज आहे. विमान नाही.

हवाई दलाने १२ ते १४ जानेवारी असे तीन दिवस तिथे कसरती ठेवल्या होत्या. हवाई दलाच्या सूर्यकिरण या कसरती टीमची नऊ लाल-पांढरी हॉक जेट येणार म्हणून आम्ही डोंबिवलीहून सकाळीच निघालो. भर दुपार, समोर चकाकणारं पाणी, डोळे उघडवत नव्हते. त्यात आवाज मागच्या इमारतींवर आपटून परत यायचा. त्यामुळे सगळी गर्दी मागे वळायची आणि विमानं समुद्रावरून निघून जायची. माझी सात वर्षांची मुलगी खांद्यावर होती. तिला सगळं दिसत होतं. तिने शेवटी माझे दोन्ही कान धरले आणि स्कूटरचं हँडल वळवावं तसं डोकं वळवायला लागली. "बाबा, तिकडे नाही, इकडे!" त्यानंतर मी एकही विमान चुकवलं नाही. कान दोन दिवस लाल होते.

तुमचेही असे अनुभव लिहा. देश कुठलाही चालेल. फक्त जेट हवीत, हेलिकॉप्टरवाल्या सारंगसाठी वेगळा धागा काढू.

*

शून्यफोटो
माझ्याकडे एकूण बेचाळीस फोटो आहेत. चाळीस आभाळाचे, एक अंगठ्याचा. एकात धूर आलाय.

*

बीदरवाली
आमच्याकडं तिकीट नव्हतं की गर्दी नव्हती, कारण सूर्यकिरणचं घरच बीदर. १९९६ला टीम उभी राहिली तेव्हा मी चौथीत होते. तेव्हा किरण विमानं होती, आपल्या एचएएलची, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सची. आधी सहाच असायची, १९९८पासून नऊ झाली.

सकाळी सराव चालायचा. आई गच्चीवर पापड वाळत घालायची आणि मी कावळे हाकायला बसायचे. लांबून घरघर आली की आधी पापडाखालचा प्लास्टिकचा कागद थरथरायचा, मग आवाज मोठा व्हायचा. सगळी गल्ली वर बघून मोजायची. आम्ही मराठीत नऊ, शेजारची लक्ष्मी कन्नडात ओंबत्तु, कोपऱ्यावरचे चाचा दखनीत नौ. परतताना पुन्हा मोजायचं. हे कुणी शिकवलं नव्हतं, पण मोजल्याशिवाय कुणी खाली उतरत नसे.

जानेवारी २००९मध्ये सरावात एक किरण पडलं. वैमानिक गेले. त्या संध्याकाळी चाचांनी दुकान लवकर बंद केलं, एवढं आठवतं.

२०११च्या फेब्रुवारीत बंगळुरूचा एरो इंडिया हा विमानांचा मेळा झाला आणि टीमच थांबली. नव्या वैमानिकांना शिकवायची एचपीटी-३२ विमानं २००९पासून जमिनीवर होती, त्यामुळं किरण शिकवण्याच्या कामाला लागली. आमची सकाळ एकदम बहिरी झाली. पुढं २०१५ला हॉक आली, आधी चारच. हॉकचा आवाज जाड आहे, किरणचा चिरका होता. मला अजून चिरकाच आवडतो.

*

फुटाळा
नागपूर, १९ नोव्हेंबर २०२२, वायुसेना नगरातला हवाई दलाचा एअरफेस्ट. बायको म्हणे सकाळी निघू, मी म्हटलं काऊन एवढी घाई? मग काय बाप्पा, फुटाळ्याच्या अलीकडेच गाडी अडकली. ना पुढे जाता येई, ना मागे. शेवटी इंजिन बंद करून आम्ही बॉनेटवर बसलो. रस्त्यावरचे सगळेच उतरले होते. एक संत्रेवाला त्या जाममध्येच गाडा फिरवत होता. वायुसेना नगरातल्या खुर्चीवरून जे दिसलं असतं त्यातलं अर्धं झाडांमागे गेलं, पण दोन विमानं समोरासमोर येऊन एकमेकांना कापत गेली ते नेमकं आमच्या डोक्यावर. बायकोला दिसलं. मी पाच रुपये सुटे शोधत होतो.

*

थर्मास
इंग्लंडमध्ये आता बारा वर्षं झाली. रेड अ‍ॅरोजना, म्हणजे इथल्या हवाई दलाच्या कसरती टीमला, पाहायला पहिल्यांदा गेलो तो बोर्नमथच्या किनाऱ्यावर, पावसात. थर्मासमध्ये चहा, डब्यात पोळी-भाजीचे रोल, आणि ढग इतके खाली की टोपी काढून ठेवावीशी वाटावी. कार्यक्रम रद्द होणार असंच वाटलं. पण त्यांच्याकडे तीन तऱ्हेचे खेळ तयार असतात. आभाळ मोकळं असेल तर उभे लूपसुद्धा, म्हणजे हवेत उभी वर्तुळं, ढग थोडे खाली असतील तर फक्त रोल, म्हणजे स्वतःभोवती गिरक्या, आणि अगदीच टेकले असतील तर सपाट, वळणं घेत. आम्हाला सपाटच मिळाला. पण करड्या ढगाखालून नऊ लाल विमानं इतक्या खालून आली की शेजारच्या आजींनी छत्री मिटली. छत्री कशासाठी मिटली ते त्यांनाच ठाऊक.

त्यांचीही विमानं हॉकच, आपल्यापेक्षा जुन्या बनावटीची. त्याआधी १९६५ ते १९७९ ते नॅट उडवायचे. हो, तेच नॅट, ज्यांनी १९६५च्या युद्धात आपल्याकडे 'सेबर स्लेयर', म्हणजे पाकिस्तानच्या सेबर विमानांचा कर्दनकाळ, असं नाव कमावलं. माझे आजोबा या विमानाबद्दल बोलायला लागले की जेवण थंड व्हायचं.

*

खाडीपलीकडे
सॅन फ्रान्सिस्को, ऑक्टोबर, नौदलाचा फ्लीट वीक, आणि अमेरिकन नौदलाची कसरती टीम ब्लू एंजल्स. सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. त्यांना आधी सांगून ठेवलं होतं की चार विमानं एकमेकांना चिकटल्यासारखी उडतील, कधी कधी जेमतेम दीड फुटावर. त्या नीट पाहत होत्या. मग म्हणाल्या, "एवढं मोठं आभाळ पडलंय की रिकामं. चिकटून कशाला उडायचं?" मला आजपर्यंत उत्तर सुचलेलं नाही.

त्या चौघांकडे सगळे बघत असताना पाचवं विमान पाण्यालगत, जवळजवळ आवाजाच्या वेगाने येतं. ते आधी दिसतं आणि आवाज नंतर कानाखाली वाजतो. पार्किंगमधल्या गाड्यांचे भोंगे एकदम सुरू झाले. सासूबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी वाकली. लग्नानंतर आठ वर्षांत पहिल्यांदा धरला होता, म्हणून ती बांगडी मी सरळ करून घेतलेली नाही.

*

निवृत्त फिटर
मंडळी, मी वीस वर्षं हवाई दलात इंजिनं उघडत होतो, म्हणून थोडं बोलतो.

मान चुकीकडे वळते यात तुमचा दोष नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर येतो. विमान दोन किलोमीटरवर असेल तर तुम्हाला सहा सेकंदांपूर्वीचा आवाज ऐकू येतो. तोवर ताशी सहाशेने ते किलोमीटरभर पुढे गेलेलं असतं. आवाजाच्या पुढे बघायचं, एवढंच.

धूर म्हणजे इंजिनाचा नेहमीचा धूर नव्हे. मागच्या गरम झोतात डिझेल सोडतात, त्याची वाफ होते आणि बाहेर येताच दाट पांढरं दिसतं. रंग हवा असेल तर त्यात रंग मिसळायचा. हॉकवरचे तिरंगी धुराचे पॉड, म्हणजे धूर सोडणारी नळकांडी, नाशिकच्या हवाई दलाच्या बेस रिपेअर डेपोत तयार झाले, हे ओझरकडच्या आम्हा लोकांना मुद्दाम सांगावंसं वाटतं.

आणि साताऱ्याच्या वहिनींना सांगा, बाजूचा वैमानिक आभाळ बघतच नसतो. पुढच्याच्या विमानावरच्या ठरलेल्या खुणा एका रेषेत धरून बसलेला असतो. लीडर डोंगराकडे वळला तर तोही वळणार. आम्ही जमिनीवर उभे राहून काय करायचो? बीदरवाली ताई, आम्हीही मोजायचोच.

*

येलहंकाजवळ
बंगळुरू, १९ फेब्रुवारी २०१९. एरो इंडिया दुसऱ्या दिवशी सुरू होणार होता, सराव चालू होता. ऑफिसच्या गच्चीवर चहाचे कागदी कप घेऊन आम्ही सात-आठ जण. काळा धूर वर आला तेव्हा आमच्यातला एक जण टाळ्या वाजवायला लागला. त्याला वाटलं, हाही खेळच. दोन हॉक हवेत एकमेकांना लागली होती. बाकीचे बाहेर पडू शकले, विंग कमांडर साहिल गांधी गेले. टाळ्या वाजवणारा मुलगा अजून माझ्याच टीममध्ये आहे. आम्ही कधी विषय काढत नाही. इथेही मी पहिल्यांदाच लिहितोय.

*

वास्कोकर
हे वाचून लिहिल्याशिवाय राहवत नाही. नौदलाची कसरती टीम 'सागर पवन' कुणाला आठवते? आमच्या गोव्यातल्या दाबोळीची, आयएनएस हंसा या नौदलाच्या विमानतळावरची. चारच किरण, निळ्या रंगाची. पपा मासळी घेऊन येताना स्कूटर थांबवून बघत बसायचे आणि घरी आई ओरडायची, बांगडे उन्हात गेले म्हणून. ३ मार्च २०१०ला हैदराबादच्या शोमध्ये एक विमान घरांवर कोसळलं, दोघे नौदल अधिकारी गेले. नंतर ती निळी विमानं पुन्हा दिसली नाहीत. पपा तिथे स्कूटर थांबवायचे, आता थांबवत नाहीत.

*

बीदरवाली
फिटरकाका, नमस्कार. धागा आईला वाचून दाखवला. तुमचं मोजण्याचं ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, कागद थरथरायचा ते खरं, पण तू कावळे कधी हाकलेस? तू वर बघत बसायचीस आणि निम्मे पापड तेच न्यायचे.