रायझन ५ ३६०० प्रोसेसरसाठी कूलर सुचवा, कॅबिनेटमध्ये जागा १६० मिमी

नागपूरकर_३डी:
ब्लेंडर या ३डी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (अंतिम चित्र तयार करणं) लावला की दहा मिनिटांत प्रोसेसर ९५ अंशांना टेकतो आणि वेग पडतो. प्रोसेसरसोबत आलेला रेथ स्टेल्थ कूलरच अजून वापरतोय. दुपारी खोलीत ३७-३८ अंश असतात, एसी नाही. बजेट तीन-साडेतीन हजार. पाण्याचा घ्यावा का? बसवायचं काम मीच करणार आहे, पहिल्यांदाच.

तांब्याची_नळी:
पाण्याचा नको. ३६०० कागदावर ६५ वॅटचा असला तरी भार आला की ८८ वॅटपर्यंत ओढतो, आणि तेवढ्याला चार हीटपाइपचा (उष्णता वाहणाऱ्या बंद नळ्या) साधा टॉवर, म्हणजे धातूच्या पात्यांचा उभा कूलर, पुरतो. स्टेल्थ म्हणजे नुसता अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा. हीटपाइपमध्ये थोडंसं पाणी कमी दाबाखाली बंद केलेलं असतं. प्रोसेसरकडच्या टोकाला त्याची वाफ होते, पात्यांपाशी वाफ थंड होऊन पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र थरातून मागे झिरपतं. उष्णता अशी झपाट्याने वर वाहून नेली जाते.

डीपकूल एके४०० बघा, उंची १५५ मिमी. बजेट थोडं ताणता आलं तर थर्मलराइटचा पीयरलेस असॅसिन १२० एसई, तोही १५५ मिमी, पण दोन टॉवर आणि सहा हीटपाइप. नॉक्टुआचा एनएच-डी१५ अप्रतिम आहे, पण १६५ मिमी. तुमचं झाकणच लागणार नाही.

एक मात्र आहे: हवेवरचा कोणताही कूलर खोलीच्या तापमानाखाली जात नाही. तुमच्या ३८ अंशांच्या वरच सगळा हिशोब.

जुनी_पेस्ट:
कूलर कोणताही घ्या, जुना काढताना सांभाळा! तुमच्या प्रोसेसरच्या एएम४ सॉकेटमध्ये (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) पिना प्रोसेसरलाच असतात आणि सॉकेटवर त्याला दाबून धरणारी चौकट नसते. प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णतावाहक पेस्ट वाळलेली असली तर सरळ वर ओढल्यावर प्रोसेसर कूलरला चिकटूनच बाहेर येतो. माझा आला होता. चार पिना वाकल्या, एटीएम कार्डाच्या कडेने सरळ करता करता रात्र गेली. आधी पंधरा मिनिटं भार देऊन तापवा, मशीन बंद करून वायर काढा, चारही स्क्रू सोडवा आणि कूलर डावी-उजवीकडे हळूहळू फिरवत सुटा करा.

स्क्रू सोडवताना मदरबोर्डमागची लोखंडी पट्टी हाताने धरून ठेवा, नाहीतर ती खाली पडते. फेकू नका, नवा कूलर तिच्यावरच बसतो.

विदर्भकन्या:
रॅम उंच आहे का? पुढचा पंखा तिला अडू शकतो. तसं झालं तर पंखा क्लिपवर थोडा वर सरकवायचा, मात्र मग एकूण उंची वाढते, आणि तुमच्याकडे पाचच मिमी शिल्लक आहेत.

नागपूरकर_३डी:
सगळ्यांचे मनापासून आभार. रॅम बुटकी निघाली, एके४०० घेतला. तापवून फिरवल्यावर स्टेल्थ अलगद सुटला, प्रोसेसर जागेवरच. तळाचं प्लास्टिक काढलं, मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट टाकली, दोन्ही स्क्रू आलटूनपालटून थोडे थोडे आवळले. पंख्याची वायर सीपीयू फॅनच्या पिनांवर, हवेचं तोंड मागच्या जाळीकडे.

काल दुपारी दोन तासांचा रेंडर, खोलीत ३७ अंश. सर्वाधिक ७६. वेग शेवटपर्यंत टिकला.

तांब्याची_नळी:
उत्तम! पुढची जाळी महिन्यातून एकदा ब्रशने साफ करत जा. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ फार.