विषय: पुढच्या चाकातून 'खट्ट' असा आवाज येतोय, गाडी चालवू का?

स. ज., नोव्हाय

नमस्कार मंडळी,

इथे मिशिगनमध्ये गेले दहा-बारा दिवस आमच्या मिनीव्हॅनच्या पुढच्या चाकाकडून आवाज येतोय. गाडी नऊ वर्षांची आहे, 1 लाख 18 हजार मैल झालेत. फ्रीवेवर काहीच नाही. पण घराजवळच्या रस्त्यांवर, वीस-पंचवीसच्या वेगात खड्डा आला की माझ्या पायाखाली कुणी हातोडी मारल्यासारखं 'खट्ट' होतं. कधी एकदा, कधी लागोपाठ दोनदा.

जवळच्या एका गॅरेजमध्ये नेली. त्यांच्या माणसाने पार्किंगमध्ये एक चक्कर मारली आणि सांगितलं, पुढचे दोन्ही स्ट्रट, म्हणजे स्प्रिंगसोबतचे धक्के शोषणारे दांडे, गेलेत, 1,640 डॉलर होतील. गाडी लिफ्टवर घेतलीच नाही. मी विचारलं, स्ट्रटच आहेत हे कशावरून? तर म्हणाला, एवढे मैल झाले की जातातच.

आई-बाबा पुण्याहून आलेत. पुढच्या शनिवारी त्यांना ग्रँड रॅपिड्सला मामेबहिणीकडे न्यायचंय. पैसे लागले तर लागू देत, पण नक्की काय झालंय ते कळल्याशिवाय द्यायचे नाहीत असं मला वाटतं. आणि त्याआधी, ही गाडी चालवणं सुरक्षित आहे का? कुणी जाणकार असेल तर कृपया लिहा.

अ. कु., कँटन

ताई, बाकी सगळं नंतर. आज रात्री झोपायच्या आधी चाकांचे नट तपासा.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्याची चाकं काढून नेहमीची बसवून घेतली होती. चौथ्या दिवशी असाच ठकठक आवाज सुरू झाला. मला वाटलं खड्ड्यांचा सीझन आहे, असेल काहीतरी. सहाव्या दिवशी स्टीअरिंग थरथरायला लागलं म्हणून थांबलो, तर पाचपैकी दोन नट हाताने फिरत होते आणि नट ज्यावर बसतो तो एक स्टड तुटलेला होता. रिमची भोकं घासून लांबट झाली होती. मुलगी मागे बसलेली होती. अजून ते आठवलं की पोटात गोळा येतो.

टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना, माझ्याकडे आहे, घेऊन जा. किती आवळायचं तो आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, बहुतेक मोटारींना 80 ते 100 फूट-पाउंडांच्या आसपास. एकापाठोपाठ एक न आवळता समोरासमोरचे आवळायचे. आणि चाक कधीही काढलं-बसवलं की 50 ते 100 मैलांनंतर पुन्हा एकदा पाना लावायचा.

म. दे., ट्रॉय

कँटनकरांनी बरोबर सांगितलं. नट ढिला असेल तर बाकीचं निदान करत बसण्यात अर्थ नाही.

आता पुढचं. मी अठ्ठावीस वर्षं सस्पेन्शनच्या, म्हणजे चाकं गाडीला जोडणाऱ्या स्प्रिंग-दांड्यांच्या, कामात होतो, आधी पिंपरीला आणि मग इथे. जरा सविस्तर लिहितो, कारण दर मार्चमध्ये मंडळात कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतंच. रस्त्याच्या फटीत शिरलेलं पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, डांबर उचलतं, वितळलं की खाली पोकळी राहते आणि ट्रक गेला की खड्डा पडतो. त्यात रस्त्यावर मीठ. या डेट्रॉइट शहराच्या पोटातच मिठाची खाण आहे, सुमारे 1,200 फूट खोल. तेच मीठ आपल्या गाड्यांच्या बुडाशी जाऊन बसतं. त्यामुळे इथली नऊ वर्षांची गाडी खालून पाहिली तर कोरड्या राज्यातल्या पंधरा वर्षांच्या गाडीसारखी दिसते.

तुझ्या पत्रात सगळ्यात कामाचं वाक्य कुठलं, तर 'फ्रीवेवर काहीच नाही'. आवाज कुठून येतो यापेक्षा तो कधी येतो हे आधी बघायचं. कान फसवतात. पत्र्यातून आवाज वाहतो, उजवीकडचा डावीकडे ऐकू येतो. पण 'कधी' मध्ये सहसा फसगत होत नाही.

रिकामं पार्किंग शोध, रेडिओ आणि हीटरचा पंखा बंद कर, काचा खाली घे आणि एवढं कर.

गाडी उभी ठेवून, इंजिन चालू, स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव. कुणाला तरी पुढच्या चाकाजवळ उभं कर. स्प्रिंग अडकून सुटल्यासारखा 'टंग' आवाज आला तर स्ट्रट वर गाडीला जिथे बसतो त्या माउंटमधलं बेअरिंग गेलंय, नाहीतर स्प्रिंगच तुटलीय. इथे स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा गंजून तुटतो आणि बाहेरून पटकन दिसतही नाही.

मग रिव्हर्स घेऊन ब्रेक, पुढे घेऊन ब्रेक. दिशा बदलताना दर वेळी एकच खटका बसला तर लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा, त्याचं मागचं रबरी बुश बघायचं, किंवा ब्रेकचे पॅड त्यांना धरणाऱ्या कॅलिपरमध्ये सरकताहेत. यातला फरक ओळखायचा तर खड्ड्यावरून जाताना ब्रेकवर नुसता पाय टेकव. आवाज गायब झाला तर ब्रेककडे बघ.

स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू गोल चकरा मार आणि थोडा ॲक्सिलरेटर दे. कट-कट-कट असा मोजता येईल असा आवाज आला तर ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट. त्याचं बूट, म्हणजे रबरी आवरण, फाटलेलं असतं आणि चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसतं.

आणि शेवटची, माझ्या आवडीची चाचणी. स्पीड हंपवरून सरळ जा, दोन्ही पुढची चाकं एकदम चढतील अशी. मग परत ये आणि फक्त एकच चाक चढव. दोन्ही चाकं एकत्र वर गेली तर स्टॅबिलायझर बारला, म्हणजे डावी-उजवी बाजू जोडणाऱ्या आडव्या दांड्याला, पीळ बसत नाही, तो नुसता वर-खाली होतो. एकच चाक गेलं की बार पिळला जातो आणि त्याच्या टोकाच्या लिंक रॉडवर सगळा ताण येतो. म्हणजे दोन्ही चाकांना गप्प आणि एका चाकाला खट्ट असेल तर शंभरातल्या नव्वद वेळा मी लिंक रॉडवर बोट ठेवीन.

स्ट्रट गेला तर गाडी बहुधा झुलते, एका खड्ड्यानंतर दोन-तीनदा हेलकावते, स्ट्रटवर तेलाचा ओघळ दिसतो. नुसत्या खट्टवरून दोन्ही स्ट्रट बदलायला सांगणं मला पटत नाही.

एक मात्र नीट ऐक. लिंक रॉड असेल तर गाडी काही आठवडे चालवली म्हणून जिवाला धोका नाही. बॉल जॉइंट, म्हणजे लोअर आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा, असेल तर आहे. तो सुटला की चाक बाहेरच्या बाजूला कोलमडतं आणि गाडी नाकावर बसते. म्हणून ग्रँड रॅपिड्सच्या आधी चाक उचलून बघितलंच पाहिजे. तू स्वतः गाडीखाली जाऊ नकोस. जॅकवर गाडी असताना कुणीही जाऊ नये, खाली स्टँड लागतातच.

स. ज., नोव्हाय

काका, खूप खूप आभार. तुमचं पत्र छापून बाबांना वाचायला दिलं. बाबा एस.टी.च्या दापोडी वर्कशॉपमध्ये होते, आता त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. इथे आल्यापासून मी गाडीचा विषय त्यांच्यापासून लपवत होते, उगाच काळजी नको म्हणून. पत्र वाचल्यावर त्यांनी जाकीट चढवलं, टोपी घातली आणि दारात जाऊन उभे राहिले.

नट आधी पाहिले. चारही चाकांचे पक्के आहेत. (कँटनच्या दादांकडून पाना आणला, मनापासून आभार.)

मग शाळेच्या पार्किंगमध्ये गेलो. स्टीअरिंग फिरवताना आवाज नाही. बाबांनी पुढच्या चाकाच्या वर हात घालून स्प्रिंगला बोटं टेकवली होती, धक्काही जाणवला नाही म्हणाले. पुढे-मागे करून ब्रेक, काही नाही. गोल चकरा, काही नाही. खड्ड्यावर ब्रेकवर पाय टेकवला, आवाज तसाच. हंपवरून दोन्ही चाकं: शांत. मग डावं चाक एकटं चढवलं आणि खट्ट! बाबा बाहेरून ओरडले, "हाच, हाच!" उजवं चाक एकटं चढवलं तेव्हाही आला, पण बारीक.

बाबांनी अजून एक केलं. गाडी चारही चाकांवर उभी होती. मला दार धरून गाडी हलवायला सांगितलं आणि त्यांनी डाव्या चाकामागे हात घालून लिंक रॉड मुठीत धरला. मग माझा हात तिथे नेला. पेन्सिलीएवढा लांब दांडा, वरच्या टोकाला सुपारीएवढी गाठ, त्यावरचं रबर फाटून तांबडं गंजाचं पाणी ओघळलेलं. गाडी हलली की बोटांना टक्क असं लागत होतं. कानाला काहीच नाही, पण हाताला स्पष्ट.

म. दे., ट्रॉय

शाबास! बाबांना माझा नमस्कार सांग. त्यांनी गाडी चाकांवर असतानाच लिंक हलवून पाहिली हे अगदी योग्य केलं. बरेच जण एकच चाक जॅकवर उचलतात, मग बार पिळलेला राहतो, लिंक ताणली जाते आणि प्ले, म्हणजे सैलपणा, दिसतच नाही. एकतर दोन्ही चाकं जमिनीवर हवीत, नाहीतर दोन्ही लोंबती.

आवाजाचं निदान झालं असं मी म्हणेन. लिंक रॉड जोडीने बदलायचे. पार्ट साधारण तीस-पन्नास डॉलरला एक मिळतो, पण मिठाने गंजलेला नट फिरवायला गेलं की आतला स्टडही सोबत फिरतो आणि बऱ्याचदा कापूनच काढावा लागतो. त्यामुळे मजुरी थोडी जास्त सांगितली तर ते खोटं समजू नकोस.

पण चाक उचलून बघण्याचं माझं म्हणणं मी सोडत नाही. लिंकने सांगितलं म्हणून बाकीचे भाग बरे आहेत असं होत नाही. लिफ्टवर त्यांना सांग: चाक घड्याळातल्या बाराच्या आणि सहाच्या जागी धरून हलवा. प्ले लागला तर दुसऱ्याने ब्रेक दाबायचा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर चाकाचं बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. मग तीन आणि नऊच्या जागी, तिथे टाय रॉडचं, म्हणजे स्टीअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचं, टोक कळतं. शेवटी लोअर आर्मखाली टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून उचलून बघायचं. हे सगळं तू तिथे उभी असताना करा म्हणावं.

वि. प., फार्मिंग्टन हिल्स

मध्येच बोलते. दोन गोष्टी सगळ्यांनाच उपयोगी पडतील.

मिशिगनमध्ये गाडीची ठराविक मुदतीची सुरक्षा तपासणी सक्तीची नाही. म्हणजे आपण स्वतः दाखवली नाही तर वर्षानुवर्षं कुणीही खालून बघत नाही. आणि 1974 च्या राज्य कायद्यानुसार गॅरेजची नोंदणी असावी लागते, मेकॅनिककडे राज्याचं प्रमाणपत्र लागतं, मोठ्या कामाला लेखी अंदाज द्यावा लागतो. काढलेले जुने भागही परत मागता येतात, वॉरंटीत किंवा बदलीत कंपनीला परत जाणारे सोडून. जुना भाग दाखवा म्हणायला लाजू नका. आपण बायका गेलो की 'मैल झालेत' एवढ्यावर बोळवण होते, हा माझाही अनुभव आहे. स. ज., तू 'कशावरून?' विचारलंस ते फार बरं केलंस.

स. ज., नोव्हाय

मंडळी, काल दुसऱ्या गॅरेजमध्ये गेले. बाबाही होते. काकांनी लिहिलेलं इंग्रजीत करून कागदावर नेलं होतं. तिथला मेकॅनिक तो कागद वाचून म्हणाला, चला, एकेक करून बघू.

डाव्या लिंक रॉडचा वरचा जॉइंट पूर्ण सैल, उजव्याचा नुकताच सैल व्हायला लागलेला. स्ट्रट दोन्ही कोरडे, ठीक आहेत.

मग त्याने उजवं चाक बारा-सहाला धरून हलवलं. मला दिसलं नाही, त्याला जाणवलं. मला गाडीत बसून ब्रेक दाबायला सांगितलं, तरी प्ले राहिला. टॉमी घालून उचलल्यावर मात्र मलाही दिसलं, बॉल जॉइंटचं बूट फाटलेलं आणि जॉइंट वर-खाली सरकत होता. त्या बाजूने इतके दिवस आवाज म्हणावा असा आवाजच नव्हता. बाबा बराच वेळ तिकडे बघत राहिले. मग त्यांनी मेकॅनिकचा खांदा थोपटला.

उजवा लोअर आर्म बॉल जॉइंटसकट बदलला, दोन्ही लिंक रॉड बदलले, अलाइनमेंट केलं. एकूण 690 डॉलर. डाव्या बॉल जॉइंटचं बूट शाबूत आहे, पुढच्या हिवाळ्याआधी पुन्हा बघायला सांगितलंय. जुने भाग मागितले, त्याने पिशवीत घालून दिले.

हे ग्रँड रॅपिड्सहून लिहितेय. येताना लॅन्सिंगजवळ थांबून नटांना पुन्हा पाना लावला, 58 मैल झाले होते. एक नट किंचित फिरला, बाकी जागेवर होते. दादा, पाना रविवारी आणून देते.