हेपॅटायटिस सी बरा झाला, आता जन्मभर सोनोग्राफी कशाला?

धागाकर्ता: सोफोसबुविर-वेलपाटास्विर या गोळ्या बारा आठवडे घेतल्या, त्यानंतर बारा आठवड्यांनी रक्तात विषाणूचा आरएनए सापडला नाही, म्हणजे विषाणू गेला. हेपॅटायटिस बी पेशीच्या डीएनएत शिरून बसतो. सी तसं करत नाही. यकृताचा कर्करोग होतो तो वर्षानुवर्षांच्या सुजेतून आणि सिऱ्हॉसिसमधून (व्रणांनी यकृत कडक, गाठाळ होणं). सूजच थांबली, तर दर सहा महिन्यांनी पेशंटला उपाशीपोटी रांगेत का बसवायचं?

कडूकारलं: सूज थांबली, व्रण राहिले! कर्करोगाचा धोका साधारण 70 टक्क्यांनी उतरतो, शून्यावर येत नाही. सिऱ्हॉसिस असेल तर सोनोग्राफी सोडायचीच नाही. आणि सहा महिने हा आकडा हवेतून आलेला नाही: गाठ दुप्पट व्हायला साधारण चार ते सहा महिने लागतात.

धागाकर्ता: सिऱ्हॉसिसचं मान्य. एफ3 चं काय (यकृतातले व्रण एफ0 ते एफ4 असे मोजतात, एफ4 म्हणजे सिऱ्हॉसिस)? युरोपातले यकृततज्ज्ञ एफ3 लाही सोनोग्राफी सांगतात, अमेरिकेतली त्यांची मुख्य संघटना सांगत नाही. मी अमेरिकेच्या बाजूने.

कडूकारलं: आधी एफ3 कशावरून ठरवलं ते सांगा. उपचारानंतर फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) 14 वरून 8 वर आला की लोक पेढे वाटायच्या बेतात असतात. त्यातली बरीचशी घट सूज उतरल्याची असते. आकडा धरायचा तो गोळ्या सुरू होण्याआधीचा. सोबत फिब-4, म्हणजे रक्ततपासणीवरून व्रणांचा अंदाज, काढा: वय गुणिले एएसटी, भागिले (प्लेटलेट हजारांत गुणिले एएलटीचं वर्गमूळ); एएसटी-एएलटी ही यकृताची एन्झाइम्स. वय 60, एएसटी 80, एएलटी 64, प्लेटलेट एक लाख, तर उत्तर 6. जास्त व्रणांची शंका घ्यायची रेषा 3.25, हे तिच्या कितीतरी वर आहे. अशा माणसाला तुम्ही एफ3 म्हणून घरी पाठवणार?

प्रोबवाली: दोघेही धरून चाललात की सोनोग्राफीत सगळं दिसतं. पोट सुटलेलं आणि यकृतात चरबी असेल, तर डायाफ्रामखालचा भाग नीट दिसतच नाही. रिपोर्टमध्ये 'गाठ नाही' एवढंच नको, किती भाग दिसला तेही लिहून घ्या. सोबत एएफपी (यकृताच्या कर्करोगात वाढू शकणारं रक्तातलं प्रथिन) करा. गाठ एक सेंटिमीटरहून लहान असेल तर तीन महिन्यांत पुन्हा सोनोग्राफी. त्याहून मोठी दिसली किंवा एएफपी 20 च्या वर गेलं, तर मल्टिफेज (शिरेतून औषध देऊन वेगवेगळ्या टप्प्यांवर काढलेला) सीटी नाहीतर एमआरआय. धमनीच्या फेजमध्ये उजळणारी आणि नंतर काळवंडणारी गाठ ही खूण. सिऱ्हॉसिसमध्ये ती पक्की दिसली तर बहुतेकदा बायॉप्सीही लागत नाही.

धागाकर्ता: फिब-4 चा मुद्दा बिनतोड, तो पेशंट माझ्याही यादीत राहील. पण एफ0 ते एफ2 वाल्यांना, दारू किंवा दुसरा यकृतविकार नसेल तर, मोकळं सोडा. विषाणू गेला तरी हेपॅटायटिस सीची अँटिबॉडी बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहते. तो कागद बघून त्यांना पुन्हा रांगेत उभं करू नका.