कोरकू बोलणारी सुईण आधी, की घाटातला रस्ता?

रानजाई:
मेळघाटात बारा वर्षं सिस्टर होते. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये मिडवाइफरीची, म्हणजे शिकलेल्या सुईणींच्या कामाची, मार्गदर्शक तत्त्वं काढली. नोंदणी असलेल्या, बाळंतपणं केलेल्या नर्सला दीड वर्षाचं प्रशिक्षण द्यायचं आणि साध्या, बिनजोखमीच्या बाळंतपणाची जबाबदारी तिच्याकडे सोपवायची. योजना मला पसंत आहे. पण त्या वर्गात कोरकू, पावरा, माडिया अशा आदिवासी मुली पोचणार कशा? त्या तर आश्रमशाळेतच गळतात.

एक रात्र सांगते. पहिलटकरीण, वय एकोणीस, टेबलावर उताणी. बाळाचं डोकं दिसायला लागलेलं. नवी सिस्टर ओरडतेय, "आता जोर नको लावू, दम टाक." पोरीला त्यातला 'जोर' तेवढा कळला. तिनं होता नव्हता तेवढा जीव लावला आणि मागपर्यंत फाटलं. टाके पडताना सिस्टर पुटपुटली, "ऐकतच नाहीत ह्या." दुसऱ्या खेपेला ती पोर दवाखान्यात आलीच नाही.

म्हणून म्हणते, या पाड्यांवरच्या मुलींसाठी जागा राखा, विद्यावेतन द्या, आणि सुरुवातीचं शिक्षण त्यांच्या भाषेतून होऊ द्या.

चिमटा:
ताई, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. प्रसंग वाचून वाईट वाटलं, पण टाके भरून येतात. बाई दगावते ती रक्तस्रावानं, झटक्यांनी. वार पडल्यावर गर्भाशय आकसलं नाही तर हातात फार तर दोन तास. मेळघाटातल्या धारणीहून अमरावती दीडशेएक किलोमीटर, त्यात घाट. तिथं कोरकू येऊन काय करणार? रक्तसाठा आणि भूलतज्ज्ञ धारणीत बसवा.
आणि एक टोचतंच. शहरातल्या बाईला एमडी आणि कोरकू बाईला सुईण, याला समता म्हणायचं? केरळचा माता मृत्यू दर लाख जन्मांमागे १९ होता (२०१८-२०). तो दवाखान्यांनी खाली आणला, सुईणींनी नाही.

रानजाई:
डॉक्टर, त्याच वर्षांत महाराष्ट्राचा दर ३३ होता, देशाचा ९७. पण त्या ३३ मध्ये पुणं-मुंबई मिसळलेली आहे, त्यात नंदुरबारच्या डोंगरातलं धडगाव दिसत नाही. बाळ बाहेर आल्याबरोबर गर्भाशय आकसवणारं ऑक्सिटोसिन द्यायला, पोटावरून गर्भाशय चोळायला एमडी लागत नाही. इंग्लंडात चांगल्या घरच्या बाईलाही आधी मिडवाइफच बघते. तिथं कुणी त्याला गरिबांची सोय म्हणत नाही. आपल्याकडे खाजगी दवाखान्यांत जवळपास निम्मी सिझरं होतात, त्यावरही बोलू कधीतरी.

जुनं_खोड:
एवढा खटाटोप कशाला? माझ्या आजीला आमच्या गावच्या दाईनं सात वेळा मोकळं केलं. सातही जगली. दायांनाच पुन्हा मान द्या.

चिमटा:
ज्यांच्या आज्या बाळंतपणात गेल्या, त्यांच्या नाती इथं लिहायला येत नाहीत, काका. सरकारनं वर्षानुवर्षं दायांना प्रशिक्षण दिलं, किट वाटले. अडलेली बाई सोडवता येईना, तेव्हाच सगळा भर दवाखान्यावर गेला.

माहुली:
पण कमी शिकलेल्या बायकांना जमत नाही असं तरी कसं म्हणता? गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत केलं. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय.

चिमटा:
मोठंच काम आहे, वाद नाही. पण ते बाळांचं. जंतुसंसर्ग वेळीच ओळखला, सुई दिली, ऊब दिली, बाळ वाचतं. आडव्या बाळाला सुई देऊन उभं करता येत नाही.

डोंगऱ्या:
मी पावरा आहे, धडगावकडचा. तुम्ही दोघंही आमच्याबद्दल बोलताय, म्हणून लिहितो.

माझी बहीण एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली नर्स, झाली. पाड्यातली पहिलीच. कंत्राटी नोकरी, पगार दोन-तीन महिने मागे. कायमची जागा निघाली ती पार समुद्राकाठच्या जिल्ह्यात. गेली ती. रानजाईताई, राखीव जागा हव्यातच, पण शिकलेल्या मुलीनं आमच्यातली म्हणून जन्मभर डोंगरातच राहायचं, ही अपेक्षा तुम्ही मराठा-ब्राह्मणाच्या मुलीकडून करता का? तिला राहावंसं वाटेल असं क्वार्टर द्या, पाणी द्या, वेळेवर पगार द्या. मग बघा.

रानजाई:
कबूल. हे मी लिहायला हवं होतं. माझ्या क्वार्टरचं छत तीन पावसाळे गळत होतं आणि मीही शेवटी बदलीच मागितली.

चिमटा:
डोंगऱ्या, तुमचं पटलं. तरी माझा प्रश्न उरतोच. सुईणीनं रात्री दोनला ओळखलं की बाई अवघड आहे. पुढे काय? खाली रक्त नसेल तर ओळखून उपयोग काय?

डोंगऱ्या:
रक्त हवंच, डॉक्टर. पण त्याच्याही आधीचं सांगतो. आमच्याकडे पावसात गाडी पाड्यापर्यंत येत नाही, बाईला बांबूच्या झोळीतून खाली आणावं लागतं. त्यासाठी चार गडी झोपेतून उठवायचे, सासूला तयार करायचं, आणि भगत सकाळपर्यंत थांबा म्हणत असेल तर त्याच्या तोंडावर नाही म्हणायचं. बाहेरच्या सिस्टरसाठी कुणी उठत नाही. माझ्या बहिणीनं हाक मारली की उठायचे, शिव्या घालत का होईना.

आता फोन करतात तिला. ती तिकडून सांगते, निघा. पण फोनवरून झोळी उचलली जात नाही.