आवाज तुटतो तो राउटरमुळे नाही
यूएसबी डोंगलने (संगणकाला लावायच्या छोट्या रेडिओ रिसीव्हरने) पकडलेला रेडिओ वायफायवरून दुसऱ्या संगणकावर ऐकताना आवाज तुटतो, हा इथला प्रश्न. राउटर बदलला की तो तुटायचा थांबेल, असं वर दोघांनी सुचवलंय. मला नाही पटत. आरटीएल-टीसीपी, म्हणजे डोंगलचा डेटा नेटवर्कवर पाठवणारं सॉफ्टवेअर, आवाज पाठवतच नाही, रेडिओ सिग्नलचे कच्चे नमुने पाठवतं. सेकंदाला 24 लाख नमुने, प्रत्येकी 2 बाइट, म्हणजे साधारण 38 मेगाबिट, आणि तेही अखंड. घोडबंदर रोडच्या कुठल्याही टॉवरमध्ये फोनवर वायफायची यादी उघडून बघा, शेजाऱ्यांची नावं संपतच नाहीत. 2.4 गिगाहर्ट्झवरच्या त्या गर्दीत हा ओघ टिकणार कसा? नवा राउटर आणला तरी 2.4 वर तो त्याच गर्दीत बोलणार.

एकच एफएम स्टेशन ऐकायचं असेल तर सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने) अडीच लाखांवर आणा, 4 मेगाबिटमध्ये भागतं. पण खरं सांगायचं तर रास्पबेरी पायवर (छोट्या, एका बोर्डाच्या संगणकावर) ओपनवेबआरएक्स टाका, म्हणजे ब्राउझरमधून रेडिओ ऐकवणारं सॉफ्टवेअर. डिमॉड्युलेशन (सिग्नलमधून आवाज वेगळा काढणं) पायवरच होतं, ब्राउझरकडे फक्त आवाज आणि वॉटरफॉल (सिग्नल दाखवणारं सरकतं चित्र) येतो. आमच्याकडे पाय बाल्कनीच्या दारामागे, अँटेनाच्या जवळच आहे, त्यामुळे केबल आखूड लागली. डोंगल मात्र यूएसबी एक्स्टेंशन लावून पायपासून हातभर लांब ठेवलंय. चिकटून ठेवलं की पायचाच गोंगाट वॉटरफॉलवर उभ्या रेघांसारखा दिसायला लागतो.