डिझेल मुरलेल्या काळ्या जमिनीत रिठ्याचं पाणी ओतू का?

नमस्कार मंडळी. शेत रावेर तालुक्यात, केळीची काळी जमीन. गेल्या महिन्यात पंपाजवळच्या टाकीचा कॉक रात्रभर गळला आणि शंभरेक लिटर डिझेल मातीत गेलं. अर्धा गुंठा जागा असेल. ढेकूळ फोडलं की अजून भपकारा येतो. पाणी सोडलं तर मुरत नाही, मण्यांसारखं वरच डुलतं. कडेची पाच खोडं करपली ती गेलीच, पण विहीर साठ फुटांवर आहे आणि मृग तोंडावर आलाय.

डिझेल खाणारे जिवाणू मातीत असतातच, पण तेल कणांना चिकटून बसल्यामुळे त्यांच्या हाती लागत नाही, सर्फॅक्टंटने (म्हणजे रिठ्यासारख्या फेसाळ, साबणासारख्या पदार्थाने) ते सुटतं, असं वाचलं. भाच्याने बरणीत ती माती, पाणी आणि रिठ्याचा काढा घालून हलवलं. वरचा इंद्रधनुषी तवंग फुटून पाणी दुधाळ झालं! आता घरचे म्हणतात, आख्ख्या जागेवर ओत. ओतू का? किती? धुण्याची पावडर चालेल का?

जळगावकर: भाऊ, थांबा! बरणीत सुटलं ते शेतात कुठे जाईल? खाली, विहिरीकडे. पावडर तर नकोच, तिच्यातल्या सोडियमने काळी माती चोपण होते. आणि आपल्या मातीतली चिकणमातीच सर्फॅक्टंट धरून ठेवते. थोडा टाकला तर वाया, जास्त टाकला तर त्याचे रेणू गोळे करून तेल पोटात घेतात आणि जिवाणूंना ते सहज मिळत नाही. शिवाय काही जिवाणू डिझेल सोडून आधी रिठाच खातात. गोड आधी, भाकरी मग :)

मी असतो तर वास येतो तेवढी माती उकरून, विहिरीपासून लांब, जाड ताडपत्रीवर बांध घालून पसरली असती. शेणखत मिसळा, वाफसा ठेवा, आठवड्याला उलथा. हवेशिवाय काम रखडतं. जिवाणूंची खरी उपासमार नत्राची असते. कार्बन, नत्र, स्फुरद यांचं 100:10:1 प्रमाण धरलं तर शंभर लिटर डिझेलला साधारण 15 किलो युरिया आणि 10 किलो सुपर फॉस्फेट बसतं. डिझेल थोडं उडूनही गेलंय, तेव्हा कमीच, तेही चार-पाच हप्त्यांत. रिठा नंतर, एका घमेल्यात करून बघा.

धागाकर्ता: ताडपत्री आजच आणतो. एक राहिलं: सुडोमोनास नावाचा जिवाणू स्वतःच रॅम्नोलिपिड नावाचा साबण बनवतो म्हणे, तो जिवाणू घरी ड्रममध्ये वाढवू का?

जळगावकर: अजिबात नको. त्यातली एरुजिनोसा जात जखमेत, भाजलेल्या कातडीत शिरते. शेणखतातले जिवाणू पुरेत. आणि विहिरीचं पाणी तपासून येईपर्यंत पिऊ नका.

धागाकर्ता: पिण्याचं बंद केलंय. खणताना फूटभर खालीही वास आला तर किती खोल जायचं?